धुक्याचे दिवस आणि कॅलेंडरातले कोरे चौकोन

डिसेंबर सरत आला की ग्वाल्हेरच्या बातम्या ठरलेल्या असतात. धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा, शाळांच्या वेळा बदलल्या, पारा तीन-चार अंशांवर. गाडीचे दिवे कसे लावावेत, लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना थंडीपासून कसं जपावं, हे सगळं छापून येतं. आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही तर काही माणसांच्या मनाचं काय होतं, याबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. मला त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण आमच्या घरात ते समजायला फार उशीर झाला.

माझी आत्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जुन्या वाड्यात राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला कॅलेंडरं टांगलेली असतात. नवं आलं की जुन्यावरच अडकवायचं. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, कुणाचं श्राद्ध कधी, सगळं बारीक अक्षरात. एकदा एक जुनी तारीख शोधायला मी ती कॅलेंडरं खाली काढली आणि चाळता चाळता थबकलो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चौकोन कोरे. आधीच्या वर्षीही कोरे. त्याच्या आधीच्या वर्षीही. दूध रोज येत होतं, सिलिंडर बदलत होता, फक्त लिहिणारा हात थांबलेला होता. मग होळीच्या आसपास अक्षर पुन्हा सुरू.

आम्ही त्या दिवसांत तिला विचारायचो, "आत्या, बरं वाटत नाहीये का?" ती म्हणायची, "काही नाही रे, थंडी सोसत नाही आता." आम्हीही ते मान्य करून टाकायचो.

नैराश्य, पण ठरावीक ऋतूत येणारं

आधी नैराश्य म्हणजे काय ते पाहू. एखाद्या दिवशी मन उदास होणं म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळपास रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहणं किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, आणि या सगळ्यामुळे रोजची कामं अडणं, याला डॉक्टर नैराश्य म्हणतात.

हेच नैराश्य काही जणांना दर वर्षी ठरावीक ऋतूत येतं आणि ऋतू बदलला की ओसरतं. इंग्रजीत याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव आहे. आपण ऋतुनैराश्य म्हणू. हा नैराश्याहून निराळा आजार नाही, नैराश्याचाच एक प्रकार आहे. वेगळेपण त्याच्या वेळापत्रकात आहे. निदान करताना डॉक्टर पाहतात की किमान सलग दोन वर्षं ते त्याच ऋतूत आलं का आणि नंतर पूर्ण गेलं का. शिवाय त्या काळात दर वर्षी येणारं दुसरं कारण नाही ना, हेही तपासतात. कुणाचा धंदा दर जानेवारीत बसतो, कुणाच्या घरी त्याच महिन्यात माणूस गेलेलं असतं, मुलांच्या परीक्षा डोक्यावर असतात. अशा वेळी दोष ऋतूचा नसतो.

हे नाव रूढ झालं १९८४ मध्ये. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणारे नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. रोझेन्थल मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कला आल्यावर तिथल्या हिवाळ्यात आपली ताकद ओसरते, हे त्यांना स्वतःला जाणवलं होतं. पण मला त्या इतिहासातली दुसरीच एक गोष्ट जवळची वाटते. त्यांच्या संस्थेत त्याआधी एक अभियंता आला होता. त्याने वर्षानुवर्षं आपल्या मनाच्या चढउतारांच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यांचा दिवसाच्या लांबीशी संबंध आहे, असं त्याला स्वतःलाच वाटत होतं. डॉक्टरांनी त्या नोंदी गांभीर्याने घेतल्या आणि त्याच्यावर प्रखर प्रकाशाचा प्रयोग केला. पुढचं संशोधन तिथून वाढलं. आत्याने मनाची नोंद कधी केली नाही, पण तिच्या कोऱ्या चौकोनांनी तेच काम केलं.

लक्षणं फसवी का असतात

नैराश्य म्हटलं की झोप उडालेला, जेवण तुटलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. हिवाळ्यातलं नैराश्य बहुतेक वेळा उलट दिसतं, आणि म्हणूनच ते ओळखू येत नाही.

झोप वाढते. नऊ-दहा तास झोपूनही सकाळी रजईतून निघवत नाही आणि उठल्यावरही ताजं वाटत नाही. भूक वाढते, तीही गोड आणि पिठूळ पदार्थांची. आता ग्वाल्हेरला थंडीत घरोघरी गजक, गाजराचा हलवा, तिळाच्या वड्या, गुळाच्या पोळ्या असतातच, त्यामुळे कुणी सारखं गोड मागत असेल तर त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वजन दोन-चार किलोंनी वाढतं. हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड वाटतात. माणसं नकोशी होतात. फोन वाजतो आणि उचलावासा वाटत नाही. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी निमित्त शोधलं जातं. साधं वरण-भाताचं कुकर लावायचं तरी मनाची तयारी करावी लागते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक अपराधी भाव असतो. "मी आळशी झाले, घरच्यांवर भार झाले." आत्याने बरी झाल्यावर मला सांगितलं, की त्या दिवसांत तिला सगळ्यात जास्त भीती संध्याकाळच्या चारची वाटायची, कारण तेव्हा वाड्याच्या चौकातला उजेड ओसरायला लागायचा.

हा त्रास स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि त्याची सुरुवात बहुधा तरुण वयात होते. माझ्या आत्याचं उशिरा कळलं म्हणून तो म्हातारपणाचा आजार आहे असं समजू नका. कॉलेजातल्या मुलीचे मार्क दर वर्षी हिवाळ्यातल्याच परीक्षेत घसरत असतील, तर तिला रागवण्याआधी हेही मनात असू द्या.

उजेड कमी झाला म्हणून मन का बिघडावं?

जुनं चावीचं घड्याळ आठवा. दिवसाला काही मिनिटं मागे पडायचं, आणि आजोबा आकाशवाणीच्या बातम्यांआधीची टिकटिक ऐकून रोज सकाळी काटा पुढे सारायचे. आपल्या मेंदूतही असं एक घड्याळ आहे. जेमतेम वीसेक हजार पेशींचा तो पुंजका झोप, भूक, शरीराचं तापमान, संप्रेरकं यांच्या वेळा सांभाळतो. बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं लांब चालतं, म्हणून ते रोज लावावं लागतं. ते लावतो सकाळचा उजेड.

डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. आपण जे पाहतो त्याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. बाहेर किती उजेड आहे, एवढंच त्या मेंदूच्या घड्याळाला कळवत राहतात. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवतं. "दिवे मालवा, आता रात्र झाली" असा निरोप ते शरीरभर पोहोचवतं. सकाळच्या उजेडाने ते थांबतं. सकाळ उजाडलीच नाही, तर काही जणांमध्ये हा रात्रीचा निरोप दिवस सुरू झाल्यावरही रेंगाळतो, घड्याळ मागे पडतं. माणूस दहा वाजता खुर्चीत बसलेला असतो, पण त्याच्या शरीरात अजून पहाट असते.

दुसरा धागा सेरोटोनिनचा. मेंदूतल्या पेशी ज्या रसायनांनी एकमेकींशी बोलतात त्यांपैकी हे एक, आणि मनःस्थितीशी त्याचं जवळचं नातं आहे. उन्हाच्या दिवसांत मेंदूतली त्याची उलाढाल वाढते आणि हिवाळ्यात कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. यातलं कुठलंही एक कारण एकटं पुरेसं नाही. घराण्यात नैराश्य असणं, आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं, हेही त्यात मिसळतं. म्हणूनच एकाच घरात, त्याच धुक्यात एक जण मजेत मेळ्यात फिरतो आणि दुसरा अंथरुणातून उठत नाही.

"पण हा तर बर्फाळ देशांतला आजार!"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागला, आणि त्यात तथ्य आहे. हेलसिंकीला डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांचाही नसतो. ग्वाल्हेरचा सर्वांत लहान दिवस जवळपास साडेदहा तासांचा असतो, आणि जूनमधला सर्वांत मोठा पावणेचौदा तासांचा. फरक सव्वातीन तासांचाच. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेच्या न्यू हॅम्पशायरमध्ये ९.७ टक्के लोकांना हिवाळी नैराश्य असावं असं दिसलं, तर दक्षिणेच्या फ्लोरिडात फक्त १.४ टक्के लोकांना. फ्लोरिडातलं ज्या गावात ही पाहणी झाली ते सॅरासोटा ग्वाल्हेरपेक्षा जेमतेम एका अंशाने उत्तरेला आहे.

म्हणजे आपल्याकडे हे कमी असणार, हे मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि पंचांगातला दिवस साडेदहा तासांचा असला तरी डोळ्यांपर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्न उरतोच. गंगा-यमुनेच्या मैदानावर पसरणारं धुकं चंबळ ओलांडून आपल्याकडेही येतं. हवामान खातं ज्याला शीत दिवस म्हणतं, म्हणजे दुपारचंही तापमान वर चढत नाही, तसे दिवस ओळीने येतात. त्यात आमच्या वाड्यांची रचना पाहा. खोल्या आत आत गेलेल्या, गल्ल्या अरुंद, समोर कुणी तीन मजले चढवलेले. आत्याच्या चौकात ऊन अकराला उतरतं आणि दीडला भिंतीवर चढून जातं. थंडीमुळे दारं-खिडक्या बंद. निवृत्त माणूस, नव्या बाळाची आई, घरात बसून काम करणारा मुलगा, यांना दिवसेंदिवस खरा उजेड दिसतच नाही.

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. घरात ट्यूबलाइटखाली साधारण शंभर ते तीनशे लक्स असतात. ढगाळ दिवशीही उघड्यावर हजारापासून दहा हजारांपर्यंत, आणि लख्ख उन्हात एक लाखाच्या आसपास. हे आकडे ऐकून मला धक्काच बसला होता, कारण डोळ्यांना हा फरक एवढा वाटत नाही. बाहुली लहान-मोठी करून आणि पडद्याची संवेदनशीलता बदलून डोळा तो सांभाळून घेतो. आपल्याला खोली उजळ वाटते, पण मेंदूतलं घड्याळ उपाशी असतं.

"थंडीत तर सगळेच सुस्तावतात"

खरं आहे, आणि त्या सुस्तीला आजार म्हणायचं कारण नाही. रजई सोडवत नाही, पण एकदा बेडई-जलेबी समोर आली की गप्पा रंगतात, असं असेल तर तो ऋतूचा परिणाम आहे. रेघ ओढायची ती काम अडण्यावर आणि आनंद हरवण्यावर. आत्या मकरसंक्रांतीचं हळदीकुंकू चाळीस वर्षं हौसेने करत आली होती. त्या तीन वर्षांत तिने दाराला आतून कडी लावून घेतली. ही सुस्ती नव्हे.

शास्त्रज्ञांमध्येही यावर वाद आहे, तो लपवू नये. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३४ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याच्या लक्षणांचा ऋतूशी किंवा दिवसाच्या लांबीशी संबंध सापडला नाही. याचा अर्थ मी असा लावतो, की बहुसंख्य लोकांचं मन ऋतूवर हिंदकळत नाही. पण ज्यांचं हिंदकळतं ते थोडे जण मोठ्या सरासरीत बुडून जातात. त्यांना शोधायचं तर एकेका माणसाचं कॅलेंडरच पाहावं लागतं.

उन्हाळ्यातही येतं

ऋतुनैराश्य काही थोड्या जणांना उन्हाळ्यात येतं. १९८७ मध्ये त्याचं वर्णन झालं. त्यात भूक मरते, वजन उतरतं, झोप लागत नाही, जीव कासावीस आणि चिडचिड होते. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो, लूच्या, म्हणजे उष्ण वाऱ्यांच्या, भीतीने घरं बंद असतात, रात्रीही भिंती तापलेल्या, आणि वीज गेली तर झोपेचं खोबरं. हे आपण "उन्हाचा त्रास" म्हणून सोडून देतो. दर वर्षी तेच होत असेल तर डॉक्टरांशी बोला. आणि कुणी मनाच्या टोकाच्या चढउतारांवरची लिथियमची गोळी घेत असेल, तर उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. शरीर सुकलं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

आधी दुसरं काही नाही ना, ते पाहा

थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच होतो: थंडी बाधते, वजन वाढतं, झोप येते, मन मरगळतं. रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, साखर वाढणं, यांनीही थकवा येतो. त्यामुळे पहिली पायरी रक्ततपासणी. आत्याचा थायरॉईड ठीक निघाला, पण ती तपासणी झाली म्हणून आम्ही पुढे निश्चिंत होतो.

एक गोष्ट इथेच सांगतो. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपल्यावर सकाळी डोकं जड, मळमळ, गळून गेल्यासारखं होत असेल, तर तो कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम असू शकतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो. कितीही थंडी असो, सिगडी बंद खोलीत नको.

ड जीवनसत्त्वाबद्दल सगळेच विचारतात. त्याची कमतरता आपल्याकडे खूप आहे आणि असेल तर ती भरून काढायलाच हवी. पण त्या गोळ्यांनी ऋतुनैराश्य जातं, याचा खात्रीचा पुरावा नाही. दोन रस्ते वेगळे आहेत: ड जीवनसत्त्व उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत तयार होतं, आणि घड्याळ लागतं ते डोळ्यांत जाणाऱ्या उजेडाने. काचेमागे बसलात तर पहिलं जवळपास होत नाही, दुसरं थोडंफार होतं.

उपचार

पहिला उपाय उजेडच. सकाळी उठल्यावर लवकरात लवकर अर्धा तास उघड्यावर. धुकं असलं तरी. स्वेटर, मफलर, कानटोपी घालून गच्चीवर, किंवा गल्लीच्या तोंडापर्यंत चालत. सूर्याकडे टक लावून मात्र पाहायचं नाही. त्राटकाच्या नावाखाली काही जण तसं करतात, त्याने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. उजेड आजूबाजूने डोळ्यांत येऊ द्यायचा, एवढंच.

ज्यांना हे शक्य नाही किंवा पुरत नाही, त्यांच्यासाठी प्रकाशपेटी असते. दहा हजार लक्सचा पांढरा प्रकाश, अतिनील किरणं गाळलेला. रोज सकाळी वीस ते तीस मिनिटं ती हातभर अंतरावर ठेवून वाचत किंवा चहा पीत बसायचं. फरक बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतो, आणि मध्येच सोडलं तर त्रास परततो. घेताना पाहा, की दहा हजार लक्स किती अंतरावर मिळतात ते लिहिलेलं आहे का. अगदी नाकाजवळ धरल्यावरच ते मिळत असतील तर उपयोग नाही. आणि हे मनाने सुरू करू नका. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, मधुमेहाने डोळे बिघडले असतील, किंवा कधीतरी याच्या उलट, म्हणजे अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणं, भरमसाट खर्च, असे दिवस आले असतील, तर आधी डॉक्टर. अति उत्साहाचे दिवस येऊन गेलेल्या माणसाला प्रखर प्रकाश पुन्हा त्या टोकाला ढकलू शकतो.

औषधंही आहेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या इथेही चालतात. हिवाळ्याआधी सुरू करून पुढचा झटका टाळण्यासाठी ब्युप्रोपिऑन या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. फिट्स येणाऱ्यांना ते चालत नाही. "गोळ्यांची सवय लागते" ही भीती आमच्याही घरात होती. नैराश्यावरच्या या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही, पण त्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

तिसरा उपाय बोलण्याचा. मानसोपचारतज्ज्ञ विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवतात: "थंडी आली, आता माझं काही खरं नाही" हा विचार पकडायचा, आणि माणसांत जाण्याची छोटी छोटी कामं ठरवून करायची. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी १७७ जणांवर या पद्धतीची प्रकाशोपचाराशी तुलना केली. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच उपयोगी ठरले, पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तर बोलण्याचा उपचार घेतलेल्यांमध्ये आजार कमी जणांना परतला होता. पेटी रोज लावावी लागते, शिकलेलं सोबत राहतं.

घरातल्यांनी काय करावं

"मन रमव, मेळ्याला चल" हे आम्ही शंभरदा म्हणालो. ज्याचे हातपाय जड आहेत त्याला ग्वाल्हेरचा मेळा म्हणजे डोंगर वाटतो. त्यापेक्षा "आत्या, चहा गच्चीवर घेऊ, मी खुर्ची नेतो" हे जास्त चाललं. मोठा आग्रह नाही, फक्त खुर्ची आणि चहा.

मरणाचे विचार बोलून दाखवले गेले तर मात्र वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, आणि मराठीतूनही बोलता येतं. थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

डॉक्टरांकडे जाताना आम्ही ती तिन्ही कॅलेंडरं सुरळी करून, दोरा बांधून नेली होती. त्यांनी ती टेबलावर एकाखाली एक पसरली, कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवलं आणि आत्याला विचारलं, "हे दर वर्षी होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "नाही हो. मला दर वर्षी वाटायचं की आता हे असंच राहणार."

आता कोजागरीनंतर ती डॉक्टरांना भेटून येते, उजेड कमी व्हायच्या आधीच. गेल्या जानेवारीतलं पान मी मुद्दाम पाहिलं. दोन-तीन चौकोन कोरे होते. बाकीच्यांत दुधाच्या खाड्यांशेजारी रोजची वेळ लिहिलेली: गच्ची ८.४०, गच्ची ९.०५, धुकं फार, तरी गच्ची ९.३०.